दार लावून शांत बसा

लॉकडाऊनमध्ये माझं टीवायचं वर्ष चाललं होतं. कॉलेजने मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी वेबिनार ठेवला, तोही सक्तीचा. बोलायला आलेल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, आपापल्या खोलीत जा, दार लावून घ्या, मनात साचलंय ते बाहेर येऊ द्या.

आपापल्या खोलीत म्हणे. लालबागच्या चाळीत आम्हा चौघांना मिळून एक खोली, आणि चाळीत दिवसा दार लावायची पद्धतच नाही. त्या वर्षी तर लावलेल्या दाराचा एकच अर्थ होता, घरात कुणीतरी पॉझिटिव्ह आहे. तरीही मी आई, बाबा आणि भावाला गॅलरीत काढलं आणि कडी घातली. कितीतरी महिन्यांनी रडू घशाशी आलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या काकूंनी दार बडवलं. "काय झाला गो? ताप इलो काय कुणाक?" मागे अख्खी गॅलरी जमलेली. बाबा ओरडून सांगत होते, कुणाला काही नाही, पोरीचा क्लास चाललाय. कुणी ऐकेना. शेवटी मी दार उघडून सगळ्यांना तोंड दाखवलं. रडू कुठल्या कुठे गेलं.

काकूंचा मला राग आला नाही, त्या घाबरल्या होत्या. राग आला तो त्या बाईंचा, आणि अजून गेलेला नाही. मोबाइलवर त्या विचारत होत्या, आता कसं वाटतंय, एका शब्दात चॅटमध्ये लिहा. सगळे लिहीत होते, रिलॅक्स्ड. मीही तेच लिहिलं. हजेरी त्यावरूनच लागणार होती.