हाराचा थर

कोरं पान उघडून फ्लेक्सचं डिझाइन करत बसलं, तर तुळजापुरात महिनाभरात दुकानाला टाळं लागेल. गिऱ्हाईक समोरच्या स्टुलावर बसलेलं असतं आणि दर दोन मिनिटांनी "ताई, झालं का?" म्हणून विचारत असतं. म्हणून आम्ही या धंद्यातले सगळे एकच करतो. जुनी फाइल उघडतो, फोटो बदलतो, नाव बदलतो आणि फुलं तीच ठेवतो. बारशाची फुलं लग्नाला, लग्नाची वाढदिवसाला, आणि वेळ पडली तर श्रद्धांजलीलाही. माझ्या मशीनमधला एक झेंडू सहा वर्षांत किती घरांत जाऊन आलाय, त्याची गणती नाही. मला या काटकसरीची मोठी घमेंड होती. ती कशी जिरली ते सांगते.

माझे थोरले भाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. तामलवाडीला शेती करतात. गेल्या माघात त्यांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद निघाल्या आणि सोलापूरच्या एका दवाखान्यात बायपास ठरली. ऑपरेशननंतर नवव्या दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न होतं. व्याही समजूतदार, तारीख पुढं ढकलू म्हणाले. दादांनी कॉटवर बसून सगळ्यांना बजावलं, "तारीख हलवायची न्हाय. मी न्हाय आलो म्हणून काय मांडव खाली येतोय व्हय?"

मग ही नवरी भाची माझ्या दुकानात आली. म्हणाली, "आत्या, मांडवाच्या दारात बाबांचं मोठं चित्र लावायचं. नुसता फोटो नको. बाबा फुलांत बसलेले दिसले पायजेत. आलेल्या माणसाला वाटलं पायजे, तेच रामराम करायलेत." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मी तिला रागावले, कारण नाहीतर मीही रडले असते.

ते चित्र मी दोन दिवस करत होते. एरवी असल्या कामाला मी दोन तास देत नाही. तयार गुलाब घ्यायचे नाहीत असं ठरवलं. तामलवाडीला जाऊन दादांच्याच रानातली फुलं फोनवर काढून आणली. करडई ऐन भरात होती, काटेरी आणि केशरी. कडेला जवसाचा पट्टा होता, त्याची ती निळी नाजूक फुलं. घरापुढची शेवंती आणि जास्वंद. एकेक फूल पडद्यावर मोठं करून, कडेकडेनं कापून मोकळं केलं. करडईच्या काट्यांनी तर डोळ्यांना पाणी आणलं.

आमचं सॉफ्टवेअर थरांवर चालतं. काचेच्या तावदानांवर वेगवेगळं काढावं आणि ती एकावर एक ठेवावीत, तसं. सगळ्यात मागं फिकट आभाळ. त्यावर लांबची करडई, मुद्दाम पुसट केलेली. मग दादा, बांधावर बसून हात जोडलेले, पांढरी टोपी, गालात हसू. आणि त्यांच्या पुढं पुन्हा फुलं, गुडघे झाकतील अशी. पुढची फुलं नसली की माणूस फुलांवर चिकटवलेला दिसतो. ती आली की तो फुलांत बसतो. प्रत्येक फुलाखाली हलकी सावली दिली. प्रत्येक थरापुढं एक डोळ्याचं चिन्ह असतं. त्यावर टिचकी मारली की तो थर दिसेनासा होतो. जात मात्र कुठंच नाही, फाइलमध्येच असतो.

डावा कोपरा मोकळा वाटत होता. तिथं झेंडूचा ढीग हवा होता, आणि माझ्याकडचा सगळ्यात चांगला झेंडू महिन्याभरापूर्वीच्या एका श्रद्धांजलीच्या फाइलमध्ये होता. मी त्या फाइलमधला सगळा गठ्ठाच उचलून इकडं आणला. त्यात सुटा झेंडू होता, झेंडूचा हार होता, तेवती समई होती आणि वारलेल्या गुरुजींचा फोटोही होता. झेंडू ठेवला, बाकीच्यांचे डोळे मिटले. कायमचं पुसायला दोन सेकंद लागले असते. पण पुढंमागं लागेल म्हणून ठेवलं. सवय.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पावणेनऊला दादांचा फोन आला. "झालं का गं तुझं चित्र? बाराला आत न्यायलेत मला. त्याच्या आधी बगतो की एकदा."

मला काय आनंद झाला! पण कोपऱ्यातला झेंडू अजून फिका वाटत होता. तेवढा कोपरा मी पडदाभर मोठा केला, झेंडूचा थर शोधताना गठ्ठ्यातले वरचे मिटलेले डोळे भराभर उघडले, रंग गडद केला, चित्र सेव्ह केलं आणि दादांना व्हॉट्सॲपवर पाठवून दिलं. पूर्ण चित्र पुन्हा एकदा बघितलं नाही. अति घाई संकटात नेई, अशी पाटी आमच्या घाटात लावलेली आहे. येता-जाता वाचतो आणि हसतो.

लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या. दादांनी बघितलं. उत्तर मात्र आलं नाही. मी चहा सांगितला, गारही झाला. आपलंच कौतुक आपण करावं म्हणून फोनवर चित्र उघडलं.

दादा हात जोडून हसत होते. गळ्यात दोन्ही बाजूंनी सोडलेला झेंडूचा घसघशीत हार होता. पायाशी समई तेवत होती.

आमच्याकडं जिवंत माणसाच्या गळ्यात हार घालतात, फोटोला नाही. फोटोला हार पडला की विषय संपला. शेंबड्या पोरालाही हे कळतं. मग मी आगीतून उठून फुफाट्यात पडले: ते चित्र दोघांच्याही फोनमधून काढून टाकलं. त्या जागी ओळ आली, हा संदेश काढून टाकला आहे. आता दादांना वाटणार, चुकून आपल्याला आलं आणि घाबरून काढलं. हार आणि समई मिटवून नीट चित्र पाठवलं, तर एकच खूण, म्हणजे पोचलंच नाही. फोन लावला, तर बंद.

अपशकुनाची भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. आजवर मी असल्या गोष्टींची टिंगल केली आहे. त्या सकाळी आईभवानीचं नाव घ्यायलाही जीभ उचलेना. पण खरी भीती वेगळीच होती. माणूस दवाखान्यात असतानाच काही घरचे गुपचूप श्रद्धांजलीसाठी फोटो देऊन ठेवतात, हे मीच दादांना एकदा हसत हसत सांगितलं होतं. दादांना तेच आठवणार. डॉक्टरांनी या लोकांना खरं सांगितलंय आणि बहिणीनं आपली तयारी करून ठेवलीय, असंच त्यांच्या मनात येणार. जगायची आशा सोडून माणूस छाती उघडून घ्यायला आत गेला तर काय होतं, हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. बाराच्या आत त्यांना गाठायचं, एवढंच कळत होतं.

वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "गप पडून हायत, वन्सं. फोन बंद करून उशाखाली ठिवलाय. चा पन न्हाय म्हणले." ऑपरेशनच्या आधी चहा द्यायचाच नसतो, हे सांगायचंही मला सुचलं नाही. हाराचं तर बोलूच शकले नाही. पाल चुकचुकली तरी वहिनींचा जीव खालीवर होतो.

लॅपटॉप पिशवीत कोंबला, शटर ओढलं आणि स्टँडवर पळाले. एसटी मिळाली, पण घाटात दोन ट्रकच्या मागं रांगत राहिली. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवत होते आणि बघत होते. तामलवाडीला गावातली एक बाई चढली, शेजारी बसली आणि विचारलं, "दादाचं कसं हाय?" मी म्हणाले, "बरं हाय." बाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं मी जास्तच घाबरले. हिलासुद्धा माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं होतं.

पोचले तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. दादांना हिरवा झगा घालून तयार ठेवलं होतं. वहिनी कसल्याशा कागदावर सही करायला खाली गेल्या होत्या. दादा माझ्याकडं बघून हसले. पाहुण्याकडं बघून हसावं तसं, अगदी आदबीनं. ते हसू बघून मला रडू फुटलं.

"दादा, ते चित्र..."

"चांगलं झालंय. हार लई झ्याक काढलास." मग आवाज बारीक करून म्हणाले, "मला खरं सांग. डॉक्टर काय म्हणले?"

"काय बी न्हाय म्हणले. तुमची शपथ, दादा. ती माझी चूक हाय. दुसऱ्याच्या फाइलमधला हार तसाच राहिला."

"व्हय, व्हय," दादा म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी लहानपणी ताप आल्यावर बरळायचे तेव्हा असेच व्हय, व्हय म्हणायचे. त्यांचा एका अक्षरावर विश्वास बसला नव्हता.

मी लॅपटॉप काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हातारं मशीन, फाइल जड. चाक फिरतंय, फिरतंय. नर्स डोकावून म्हणाली, "पाच मिनिटं हं." त्या पाच मिनिटांतलं दीड मिनिट चाकानं खाल्लं. शेवटी चित्र उघडलं. हार आणि समई मी मुद्दाम परत आणली. मी थरांची यादी दाखवली. समईवर टिचकी मारली, समई गेली. हारावर मारली, हार गेला. मग त्याच गठ्ठ्यातला तळाचा थर उघडून सगळ्यांच्या वर ओढला. दादांच्या छातीवर चष्मेवाले गुरुजी आले.

दादा दचकले. "हे कोन?"

"शेजारच्या तालुक्यातले गुरुजी. गेल्या महिन्यात वारले. हार त्यांचा हाय, दादा. समई बी त्यांचीच."

त्यांनी पडद्याजवळ तोंड नेऊन गुरुजींना नीट बघून घेतलं. मग स्वतःच बोट पुढं करून हाराच्या डोळ्यावर टिचकी मारली. हार आला. पुन्हा मारली, गेला. असं चार-पाच वेळा केलं.

"म्हंजी त्या मास्तराच्या गळ्यातला काढून माझ्या गळ्यात घातलास तू?"

"व्हय."

ते हसायला लागले. पोट धरून, कॉट हलेपर्यंत. नर्स धावत आली आणि दोघांनाही रागावली. "ल्हानपनापस्नं अशीच हाय ही येंधळी," त्यांनी नर्सला सांगितलं. तिला काय कळणार! हसतहसतच त्यांना आत नेलं.

ऑपरेशन नीट झालं, हे इथंच सांगून टाकते. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण आम्हाला ते कळायला साडेचार तास लागले. ते तास मी आणि वहिनी दाराबाहेरच्या बाकड्यावर बसून होतो.

बऱ्याच वेळानं वहिनी म्हणाल्या, "वन्सं, एक इचारू? तुमी यायच्या आधी तासभर ह्यांनी माझा हात धरला हुता. बोलंना झालते. नुसत्या माझ्या बांगड्या फिरवीत हुते, एकेक. मग म्हणले, 'लग्नात दोनी हात भरून हिरव्या बांगड्या भर. मी असू न्हायतर नसू, तू भर. पोरीला हळद तूच लाव. कुनी मागं सर म्हणलं तरी सरू नगंस.' असं का वो बोलले? डॉक्टरनं तुमाला काय सांगितलंय का?"

"न्हाय, वैनी," मी म्हणाले. "काय बी सांगितलं न्हाय."

खरं तेच होतं. वहिनींनी माझ्या तोंडाकडं नीट बघून घेतलं, मग दारावरच्या लाल दिव्याकडं बघितलं, आणि दोन्ही हात पदराखाली ओढून बांगड्या झाकून घेतल्या.