मुरबाडच्या गाडीचे डबे

त्या साहेबाची आठवण झाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधीची गोष्ट. मुरबाड ते कल्याण स्वतःची छोटी आगगाडी चालवायची, असं एका खासगी कंपनीने मनावर घेतलं होतं. गाडी किती डब्यांची, एवढंच ठरायचं होतं. चार डबे भरले तरच रूळ टाकणं परवडेल, असं कंपनीचा हा साहेब म्हणायचा. मी नुकताच शाळा संपवलेला. त्याने मला वही दिली, कंपनीचा खाकी सदरा दिला आणि बाजाराच्या दिवशी, गाडीत बसतील अशी येणारी-जाणारी माणसं मोजायला मुरबाडच्या वेशीवर उभं केलं.

सिद्धगडाकडच्या वाड्यांतल्या बायका दर बाजाराला डोक्यावर मोळ्या घेऊन याच रस्त्याने यायच्या. त्या दिवशी एकही फिरकली नाही. दुपारी बाजारात गेलो, तर सगळ्या मोळ्या मांडून बसलेल्या! आमच्या शेतावर लावणीला येणारी म्हातारीही त्यांत होती.

"आजे, कुठनं आलीस गो?"

"व्हाळातनं. रस्त्यात खाकीवाला वही घेऊन उभा. मोळी जाते नि कोयता बी जातो. लांबून तुला कोन वळखनार?" मग मान चोळत म्हणाली, "गाडी कवा येते रे? कल्यानला भाव बरा, पन वझ्यानं मान मोडली."

जंगलखात्याची खाकी दिसली की रस्ता सोडायचा, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला ठाऊक नव्हतं? होतं. पण सदरा नवा होता आणि अंगावर शोभत होता.

संध्याकाळी साहेबाला म्हटलं, पुन्हा मोजू, साध्या कपड्यांत. तो हसला. "ओढ्यातून येणारी माणसं तिकीट काढतात होय?" दोन डबे, असं लिहून त्याने कागद मिटला. अरे भल्या माणसा, रस्त्यावर खाकी उभी केलीस ती तूच ना! हे सगळं मनात. तोंडाने मी 'बरं साहेब' म्हणालो. त्याच्यापेक्षा मला माझीच चीड जास्त येते.

दोन डब्यांसाठी रूळ कोण टाकतो? कंपनीने गाशा गुंडाळला.

लढाईत लाकूड महागलं, तशी म्हातारी कल्याणपर्यंत पायी जाऊ लागली. एकदा वाटेत भेटली. मान एका बाजूला कललेली.

"गाडी येनार व्हती ना रे?"

"नाय येत आता. मोजनीत मानसं कमी भरली."

"कमी?" ती म्हणाली. "आमी तर सगल्या व्हतो."