आबांनी कळप कातरला आणि मी इटलीला आलो

पुण्याच्या सुनंदाताई नसत्या, तर मी आज इटलीत नसतो. हे आधी सांगतो, मग बाकीचं. आळेफाट्यावर त्यांच्या जीपमध्ये बसलो तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, खिडकी धरून उभे होते. "बाई, तुमच्या शब्दावर सोडतोय. काम झालं की परत आणून सोडा."

ताई म्हणाल्या, "आणते, आबा."

त्याचं असं झालं. भारत आणि इटली, दोघांचा मिळून एक सिनेमा होता. महाळुंगे पडवळच्या माळावर आमचीच मेंढरं घेऊन शूटिंग चाललेलं. मध्ये दोन दिवस सुट्टी पडली. आबांना वाटलं, एवढे परदेशी पावणे फोटो काढणार, मेंढरं नीटनेटकी नकोत का? भावकीला बोलावून त्यांनी सगळा कळप कातरून टाकला. डायरेक्टर त्या उघड्याबोडक्या मेंढरांकडं बघतच राहिले. आबा खुशीत, "बगा राव, कशी नवरदेवावानी दिसत्यात!"

अर्धा सिनेमा लोकरीच्या मेंढरांवर झालेला, आता परत लोकर वाढेपर्यंत कोण थांबणार? उरलेलं शूटिंग तिकडच्या डोंगरात, तिकडच्या, आमच्यासारख्याच काळ्या मेंढरांवर करायचं ठरलं. ताई प्रॉडक्शन सांभाळायच्या. त्या अडून बसल्या, सिनेमा दोन देशांचा, तर मेंढरांमागं माणूस आमचाच. सातवीत शाळा सोडलेल्या मला त्यांनी पासपोर्टपासून सगळं करून दिलं.

काम संपलं, तर तिथल्याच एका मेंढपाळानं मला कामाला ठेवून घेतलं. ताई म्हणाल्या, "राहा. आबांना मी सांगते." पुढं रोममध्ये सिनेमा दाखवला तेव्हा वकिलातीतले साहेब मला स्टेजवर घेऊन म्हणाले, या सिनेमानं दोन देश जवळ आले. टाळ्या पडल्या. मी उसन्या कोटात हात जोडत होतो आणि डोक्यात एकच, आज आबांच्या मेंढरांमागं कोण गेलं असेल?

आता इथं दूध काढायला मशीन आहे, मालकाशी मी इटालियनमध्ये भांडतो. पण इथं राहायच्या परमिटचे कागद अडकलेत. निघालो तर परत घेतील का, कुणी सांगत नाही. तुम्ही बाहेर पडला असाल तर तुम्हाला कळेल, कुठंच बूड टेकत नाही. आबांनी मेंढरं विकली. परवा फोनवर म्हणाले, "सुनंदाबाई येऊन गेल्या. म्या काय इचारलं न्हाई त्यास्नी. लाजत्यात बिचाऱ्या."

तेव्हापासून घर म्हटलं की मला ना ओटा दिसतो ना माळ. समोरासमोर बसून गुपचूप चहा पिणारी ती दोन माणसं दिसतात. ताई, एवढे कागद होऊ द्या. तुमच्याबरोबरच आबांपुढं येऊन उभा राहीन. तुम्ही फक्त म्हणायचं, "आबा, आणला."