खारट आमटी

परवा माझ्या धाकट्या जावेच्या, सुनंदाच्या नातवाचं बारसं होतं. पंगत बसली आणि आतून बातमी आली, आमटी खारट झाली आहे. बाहेर व्याही मंडळी भात कालवायला थांबलेली.

मी कॉलेजात जनसंपर्क शिकवते. वाईट बातमी दडवू नये, दुसऱ्यानं सांगायच्या आत आपण सांगावी, हा माझा पहिला धडा. तरी त्या क्षणी माझ्या मनात मिठाला, नसलेल्या आचाऱ्याला दोष देणारी गुळगुळीत वाक्यंच जुळत होती.

तोवर सुनंदा पदर खोचून, पातेलं घेऊन पंगतीत शिरलीसुद्धा. "व्याहीबुवा, आमटी खारट केलीय हो मी आज! भात दुप्पट घ्या. वर तूप ताई वाढतील."

सगळी पंगत हसली. व्याह्यांनी आमटी दोनदा मागून घेतली.

मी दारात तुपाचं भांडं धरून जळत उभी होते. लोक आपल्या शब्दांवर नाही, आपल्यावर विश्वास ठेवतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, खाली रेघ ओढते. पण ही बाई तो विश्वास कधी जोडत बसली? मी घरातच तर होते!

"ताई, तूप!" तिनं हाक मारली. मी हसत गेले. हसणं आमच्या धंद्यात येतंच.

उद्या वर्गात हेच उदाहरण देणार आहे. आमटी सांगेन, व्याही सांगेन, तूपसुद्धा सांगेन. सुनंदाचं नाव तेवढं घेणार नाही.