डावीकडची मुलगी

बाइंडिंगच्या त्या लांब टेबलाशी बसायच्या जागा बावीस वर्षं ठरलेल्या होत्या. उजवीकडे खिडकी, मधे वहिनी, डावीकडे वन्सं. वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची थोरली बहीण. छापखान्यातून आलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालून त्या फर्मे करायच्या आणि वहिनी ते फर्मे दोऱ्यानं शिवायची. नवरा पलीकडे कटिंग मशीनवर. घर वरच्या मजल्यावर आणि कारखाना खाली, त्यामुळे यायला उशीर झाला असं सांगायची सोय तिघांपैकी कुणालाच नव्हती.

वहिनीचा डावा कान गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. एका सकाळी उठली तर कान बंद. पाणी गेलं असेल, मळ असेल, असं म्हणत आठ दिवस काढले आणि डॉक्टरकडे गेली तोवर आतली नस कामातून गेली होती. एका कानाचं माणूस बहिरं नसतं, पण पुरतं ऐकणारंही नसतं. रस्त्यानं चालताना ती नवऱ्याला उजव्या हाताला ठेवायची. पाठीमागून कुणी हाक मारली की भलतीकडेच बघायची. या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची सोय आपल्याला नाही, म्हणून आपल्या डोक्यात सगळं साठून राहतं, असं ती स्वतःच हसत सांगायची. झोपताना मात्र चांगला कान उशीत खुपसला की जग बंद. हे सुख तिनं कुणाला फारसं सांगितलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की बहिऱ्या बाजूला वन्संना कुणी बसवलं? कुणीच नाही. कान गेला त्याच वर्षी त्या आपण होऊन स्टूल उचलून तिकडे जाऊन बसल्या आणि पुटपुटायला लागल्या. कडेच्या नजरेनं ओठ हलताना दिसायचे, पण मशीनच्या घरघरीत शब्द काही चांगल्या कानापर्यंत यायचे नाहीत. तोंडावर वन्सं मोजकंच बोलत. ‘दोरा संपत आला’, ‘खळ घट्ट झाली’, बस्स. तेव्हा वहिनीनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं, की या आपल्या नावानं बोटं मोडतात. विचारायची हिंमत तिला बावीस वर्षांत झाली नाही, आणि मनातून तो विचारही गेला नाही.

मग दवाखान्यातल्या कान तपासणाऱ्या मुलीनं नवं काहीतरी सांगितलं. “तुमचा गेलेला कान परत यायचा नाही, मावशी. पण त्याच्या मागच्या हाडाला आवाजाची थरथर दिली, की ती कवटीतून पलीकडे जाते आणि चांगला कान ती ऐकतो.”

“म्हणजे एकानंच दोघांची ड्यूटी करायची,” नवरा म्हणाला. “आमच्याकडे असंच चालतं.”

ऑपरेशन लहान होतं. कानामागच्या हाडात एक तुकडा बसवायचा, वरून कातडी शिवायची, आणि जखम भरली की बटणाएवढं यंत्र लोहचुंबकानं तिथं बाहेरून चिकटवायचं. मानवेल की नाही हे कळावं म्हणून आधी आठवडाभर तेच यंत्र पट्ट्यानं डोक्याला बांधून बघायचं होतं. वहिनी कामावर केसांना रुमाल बांधायचीच. पट्टा त्याखाली सहज लपला. नवऱ्याला तिनं दम भरला, “वन्संना सांगाल तर याद राखा.” कारण सांगितलं नाही. कारण एवढंच होतं, की एकदा तरी त्या शिव्या ऐकायच्या होत्या.

सोमवारी सकाळी ती रुमाल घट्ट करून टेबलाशी बसली. वन्संनी पहिली घडी घातली, हाडाच्या पट्टीनं ती दाबली, आणि बोलायला लागल्या.

आवाज डावीकडून आलाच नाही. तो आतून आला, तिच्याच डोक्यातून, आपणच काहीतरी आठवत असावं तसा. “पडदे काढलेत आज धुवायला. ऊन थेट तिच्या टेबलावर येतंय. म्हटलं, डोळे दुखतील. तर म्हणते, राहू दे आई, मला ऊन आवडतं.”

वहिनीची सुई फर्म्यात तशीच राहिली. आई?

“जेवणाच्या नावानं बोंब. रात्रभर नकाशे काढत बसते. केस किती गळतायत बघ. माझे दाट होते. हिचे मामीसारखे पातळ.”

मामीचे केस भाचीला कसे येतील, असं वहिनीच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं. मग एकदम कळलं, की मामी म्हणजे आपण. त्या घरात आपलं येणंजाणं होतं, तिथल्या मुलीशी आपली तुलना होत होती, आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

वन्संना एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांची होऊन गेली. त्यानंतर दोनेक वर्षांत संसारही मोडला आणि वन्सं भावाकडे आल्या. त्या गोष्टीबद्दल या घरात चकार शब्द काढायचा नाही, हे कुणी कुणाला न सांगता सगळ्यांनी पाळलं. पाळणाऱ्यांना वाटलं, आपण फार समजूतदार आहोत. ती मुलगी आता सव्वीस वर्षांची झाली असती. झालीच होती.

तो आठवडा वहिनीनं दोन घरांत काढला. हात इथं फर्मे शिवत होते आणि ती त्या दुसऱ्या घरात जिना चढत होती, अकरा पायऱ्या, सातवी थोडी खचलेली. मुलीला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. पेटी भरायचं चाललं होतं. मायलेकींचं चपलांवरून वाजलं, मग रुसवा निघाला. “मामीला सांगितलंस का जाणार ते? तिला आधी सांग. तिचा जीव आहे तुझ्यावर.” खिडकीतून ऊन सरकत टेबलावर यायचं, कागदाचा वास यायचा, आणि कधीही न भेटलेल्या मुलीची वहिनीला आठवण यायची. दुपारी जेवायची सुट्टी झाली की तिला राग यायला लागला.

शनिवारी शेवटच्या तासाला मुलगी अजून निघाली नव्हती. सोमवारी पट्टा परत करावा लागला. टेबलाशी ओठ हलत होते आणि वहिनीला काही ऐकू येत नव्हतं. मुलगी गेली की राहिली, कोण जाणे.

तारीख ठरवायला दवाखान्यातून फोन आला तेव्हा ती म्हणाली, “नको मला.”

“अगं, मानवलं होतं ना? रस्ता ओलांडताना माझा हात सोडून चालत होतीस,” नवरा म्हणाला. त्याला काय सांगणार? यंत्र कानामागे दिसलं की वन्सं गप्प होणार, आणि ती मुलगी दुसऱ्यांदा जाणार. या खेपेला वहिनीच्या हातून. ऐकायची हाव मात्र सुटत नव्हती. चोरून ऐकलंय याची लाजही सुटत नव्हती. पंधरा दिवस ती धड जेवली नाही.

शेवटी एका दुपारी नवरा माल पोचवायला गेला, मशीन बंद होतं, तेव्हा तिनं सांगून टाकलं. “वन्सं, मी दवाखान्यातला ऐकण्याचा पट्टा बांधला होता रुमालाखाली. तुमचं बोलणं ऐकलं.”

“किती दिवस?”

“सहा.”

“काय काय ऐकलंस?”

“मामीचे केस पातळ आहेत, इथपासून.”

वन्संच्या हातातली घडी तिरकी पडली. तो कागद त्यांनी शांतपणे बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. त्या दिवसापासून ओठ हलायचे थांबले. वहिनीला त्या बाजूनं तसंही काही ऐकू येत नव्हतं, तरी ती शांतता तिला सहन होईना. रोज रात्री अंथरुणात ती रडायची आणि नवरा पाणी आणून द्यायचा.

बाराव्या दिवशी वन्सं चांगल्या कानाच्या बाजूनं येऊन उभ्या राहिल्या. “ऑपरेशनला तू नको म्हणालीस ते कळलं मला. तारीख घे परत. माझ्यापायी तू तशीच राहिलीस, हे मला सोसायचं नाही.”

“आणि ती?”

“तिचं मी बघेन,” वन्सं म्हणाल्या.

ऑपरेशन तासाभरात झालं. महिन्याभरानं यंत्र लागलं. घरी येताना वहिनीला मागच्या सायकलची घंटा कळली, दोन्हीकडची माणसं कळली. कोण कुठल्या बाजूला ते मात्र वळूनच बघावं लागत होतं. दुसऱ्या सकाळी ती टेबलाशी बसली. शेजारी कागदाची घडी पडल्याचा आवाज येत होता. बाकी काही नाही. दहा वाजले, अकरा वाजले. मग तिनं हात मागे नेला, यंत्र कानामागून काढलं आणि वन्संच्या पुढ्यात कागदांवर ठेवलं.

“बोला तुम्ही. रोज या वेळेला मी हे काढून ठेवत जाईन. मला काही ऐकू येणार नाही. शपथ.”

वन्संनी त्या काळ्या बटणाकडे बघितलं. मग फडक्याला खळीचे हात पुसले, यंत्र उचललं, वहिनीचे केस बाजूला केले. जागा त्यांना लगेच सापडेना. दोनदा चुकून तिसऱ्यांदा लोहचुंबकानं ते आपणच ओढून घेतलं.

“गेली ती नोकरीच्या गावी,” डोक्याच्या आतून आवाज आला. “पोचल्याचं कळवलंय. पण एक अडचण आहे गं, वहिनी.”

“काय?”

“तिला अजून नाव नाही. नऊ दिवसांत ठेवायचं राहून गेलं, आणि पुढं एकटीनं ठेवायला जीव धजला नाही. तू बघतेस का एखादं?”

वहिनीनं सुई खाली ठेवली. पलीकडे मशीन थांबलं होतं. ती मोठ्यानं, एकेक करून, नावं सुचवायला लागली.