तळ्याचं पाणी सोडलं तेव्हा

मुंबईच्या उपनगरात वाढलेल्या माणसाला तळ्याचं पाणी उतरताना दिसलं, की पुढचं सगळं आपोआप दिसतं: आधी चिखल, मग भराव, मग बिल्डरची पाटी. माझ्या माहेरचं तळं माझ्या डोळ्यांदेखत सात मजल्यांचं झालं होतं.

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही जपानात, क्योतोबाहेर एका तळ्याकाठी राहायला गेलो. शेतकऱ्यांनी भातासाठी खणलेलं तळं. पुढे शेतं गेली, टुमदार घरं आली, शेवटी आमच्यासारख्या भाडेकरूंची पाच मजली इमारत आली. तळं तेवढं त्या शेतकऱ्यांकडे टिकलं. आणि डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी बघते, तर पाणी पार तळाला!

मी इमारतीतलं दार न् दार वाजवलं. माझं जपानी भाजी घेण्यापुरतं. बाकीचं हातवाऱ्यांनी केलं. इतकं जोरदार, की अकरा बायका आणि चार नवरे निमूट माझ्यामागून चालू लागले. बांधावर पाच म्हातारे शेतकरी उभे होते. मी दोन्ही हात पसरून गरजले, "तळं विकायचं नाही!"

मागून धापा टाकत हे आले. ऑफिसमुळे ह्यांना जपानी बरं येई.

"अगं, विकत नाहीयेत! गाळ काढायला पाणी सोडलंय. दर हिवाळ्याची रीत आहे त्यांची."

मी हात हळूच खाली घेतले.

तेवढ्यात त्यांतले सर्वांत वयस्कर आजोबा काहीतरी बोलले. ह्यांचा चेहरा उतरला. "रीत होती, म्हणतात. तीन वर्षं माणसंच जमली नाहीत. यंदाही गाळ निघाला नाही, तर तळं नगरपालिकेच्या हवाली. ती बुजवून टाकणार."

"अहो, मग विचारा ना, फावडी किती आहेत!"

आजोबांनी माझ्यामागची वरात न्याहाळली, मग माझे पाय. "ओकुसान," म्हणजे वहिनी, "ह्या चपलांवर?"

मी चपला भिरकावल्या, सलवार गुडघ्यांवर ओढली आणि उतरले. चिखल असा गारठलेला, की किंकाळीच फुटली. तिला टाळ्या मिळाल्या! मग एकेक जण उतरला. मासे टबांत, गाळ बांधावर. हे कमरेपर्यंत रुतले. उपटायला तिघीजणी लागल्या.

असे तीन रविवार. शेवटच्या रविवारी आजोबांनी सगळ्यांसमोर तळं नगरपालिकेला देऊन टाकण्याचा अर्ज खिशातून काढला, उंच धरला आणि सावकाश, अगदी सावकाश फाडला. फाडताना तिरक्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होते. दाद हवी होती म्हाताऱ्याला.

मी शिट्टी मारली.