एका ढिगातली सरकी

सासूबाईंना मी मामी म्हणायची. तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात मामींच्या कपाशीचं नाव होतं. धागा असा लांब, की ओढता ओढता संपत नसे. तशी कपाशी काही आभाळातून पडली नव्हती. दुसऱ्या वेचणीला मामी वावरात ओळीओळीनं फिरत. बोंडातला धागा ओढून बघत, सरकी दाताखाली चावून बघत, आणि मनास आली तरच कपाशीच्या त्या झाडाला, त्या पऱ्हाटीला, चिंधी बांधत. चिंधीवाला कापूस वेगळा वेचायचा, सरकी काढायच्या घरच्या हातरेच्यावर वेगळाच फिरवायचा आणि त्याची सरकी राखेत घालून पेरणीसाठी ठेवायची. हे त्यांना त्यांच्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. पोरींना कोणी शिकवत नसे. पोरी दुसऱ्याच्या घरी जायच्या.

मी जिभेची तिखट. दर हंगामाला विचारायची, "मामी, मले कधी शिकवता?"

"आधी वेचणी तं नीट कर, माय. कापसापेक्षा पाचोळाच जास्त आणतं."

अस्सा राग यायचा! पण एका वर्षी त्या आपणहून म्हणाल्या, "पुढच्या साली चिंधी तू बांधशील. मी मांगून येईन." त्या दिवशी मी एक भाकर जास्त खाल्ली.

त्याआधी काही वर्षं कापसाला सोन्याचा भाव होता. सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली म्हणे, आणि इकडे वऱ्हाडात बैलांच्या शिंगांना चांदी चढली. मग अकोल्याला आगगाडी आली, आणि तिच्या मागोमाग त्याच साली एका व्यापाऱ्यानं सरकी काढायचं वाफेचं यंत्र बसवलं. आम्ही बाया महिनाभर रेचा फिरवत बसायचो, तेवढं काम ते दुपारपर्यंत उरकायचं. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. खांदे मोडायचे हो रेच्यावर!

भाऊ आजारी म्हणून मामी माहेरी गेल्या होत्या, तेव्हा सासऱ्यांनी अकोल्याच्या यंत्रावर न्यायला गाड्या भरल्या. कोपऱ्यातलं मामींचं चिंधीवाल्या कापसाचं गाठोडंही उचललं. मी दाराआडून म्हटलं, "मामाजी, ते बियाण्याचं हाय."

"मले ठाऊक नाही काय? सरकी वापस आणतोच ना! रेच्यावर काढा का यंत्रावर, ज्याचा कापूस त्याची सरकी."

त्यांचं तरी काय चुकलं? तोवर आमच्याकडं तसंच होतं. ज्या घरात कापूस, त्याच घरात सरकी निघायची. यंत्राखाली मात्र साऱ्या गावांची सरकी एकाच ढिगात पडत होती आणि त्या ढिगातूनच ज्याची त्याची पोती भरून मिळत होती. सासऱ्यांनी पोती बरोबर मोजून आणली, वर व्यापारी इमानदार म्हणून त्याचं कौतुकही केलं.

मामी माहेरून आल्या. पोत्यात हात घातला, एक सरकी चावली आणि थुंकली. "हे आपली सरकी नोहे."

"सरकीच्या कपाळावर नाव लिहून रायते काय?" सासरे भडकले.

मामी आपली सरकी शोधायला निघाल्या. गावभर फिरल्या. ज्यांना ज्यांना त्यांनी कधी ओंजळभर बियाणं दिलं होतं, त्या साऱ्यांच्या गाड्या अकोल्याला जाऊन आल्या होत्या. मामी घरी आल्या आणि चुलीपुढं बसून रडल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पेरली तीच सरकी. पीक दणकून आलं, भावही मिळाला, सासरे खूश. दुसऱ्या वेचणीला मी चिंध्या कमरेला खोचून पुढं, मामी मागं. पहिल्याच बोंडाचा धागा ओढला, तटकन तुटला. दुसऱ्या ओळीत तेच, तिसऱ्या ओळीत तेच. कुठं जरा लांब धागा लागला की मी ओरडायची, "मामी, हे पाहा!" त्या सरकी चावायच्या आणि मान हलवायच्या. ऊन डोक्यावर आलं तरी एक चिंधी बांधली गेली नाही.

बांधावर बसून मी म्हटलं, "मंग नव्यानं निवडू ना! तुमी शिकवा मले. होत होत होईल."

"होईल ना," मामी म्हणाल्या. "चार सासवांनी जलमभर निवडलं, तवा ते तसं झालं. तितक्या सासवा मी आता कोठून आणू?" मग त्या उठल्या, लुगड्याची माती झटकली. "जाय, वेच. समदा एकाच पोत्यात भर."

मी वाकले आणि वेचायला लागले. त्यानंतर मामी दुसऱ्या वेचणीला कधी वावरात आल्या नाहीत, आणि मला ते काम आजही येत नाही.